इंगळेकाका आवाज घेतात

इंगळेकाकांनी काढलेल्या व्हिडिओत मुलांना डोकं नसतं. कधी मूल हनुवटीपर्यंत दिसतं, तर कधी नुसतं पुस्तक आणि दोन अंगठे. एकदा तर अख्खा धडा भिंतीवरच्या नकाशानेच वाचला. हा माणूस जन्मभर नई सडकेवर दुकान थाटून ग्वाल्हेरच्या मराठी लग्नांचं शूटिंग करत होता, असं नवख्याला सांगितलं, तर तो आमच्याकडेच संशयाने बघतो.

मी इथल्या लष्कर भागातल्या एका शाळेत मराठी शिकवते. मुलांची मराठी घरापुरती. जिना उतरला की हिंदी सुरू. मोठ्याने वाचायला उभं केलं, की वाक्याचा शेवट गिळून टाकतात. वाचतानाचा व्हिडिओ काढून त्यांचा त्यांनाच दाखवावा, असं मला सुचलं आणि दुकान बंद करून घरी बसलेल्या काकांना मी बोलावलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी पंखा बंद करवला. तोही ग्वाल्हेरच्या एप्रिलमध्ये. मग खिडक्या लावल्या, मग मला बांगड्या काढायला लावल्या. खाली भाजीवाला ओरडला, तर काका स्वतः उतरले. "भैया, दो मिनट चुप बैठ जाओ, बच्ची पढ़ रही है," असं सांगून त्याची पाव किलो भेंडी घेऊन वर आले आणि ती टेबलावर ठेवली. त्या दिवशीच्या व्हिडिओत भेंडी मात्र पूर्ण आली आहे.

कॅमेरा एकदा तिकाटण्यावर बसवला, की काका कानाला हेडफोन लावून डोळे मिटून घेत.

"काका, चेहरा येत नाहीये," मी म्हणायचे.

"चेहऱ्याचं नंतर बघू. आवाज़ साफ़ आला की नाही, ते बोला."

वाचून झालं, की मुलाने स्वतःचं वाचन ऐकायचं आणि ते मूल काही बोलेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही, असा त्यांचा दंडक. चौथीतली रिया स्वतःला ऐकून चकितच झाली.

"काका, मी तर लास्ट वाले शब्द खाऊनच टाकते!"

"आता नको खाऊ. चल, फिर से."

थंडी पडेपर्यंत रिया अशी वाचू लागली, की मागच्या बाकावरची कार्टीही गप्प बसून ऐकायची.

मग स्नेहसंमेलन आलं. रियाचा व्हिडिओ पालकांना दाखवायचा, असं मुख्याध्यापिकांनी ठरवलं. "फक्त मागे थोडं संगीत टाका, हलकी सतार वगैरे," त्या म्हणाल्या. काकांनी कॅमेरा पिशवीत घातला. "म्यूज़िक नाही लागणार. लावायचं असेल, तर माझं येणं बंद."

दुसऱ्या दिवसापासून ते खरंच आले नाहीत. मुलं दाराकडे बघत बसायची आणि रिया पुन्हा शब्द गिळू लागली. मला रागच आला. एवढ्याशा सतारीसाठी मुलांचं वाचन बंद पाडायचं म्हणजे काय? शेवटी एका संध्याकाळी मी नया बाज़ारात त्यांच्या घरी गेले, चांगलं सुनावायच्या तयारीने.

"बसा," म्हणाले आणि त्यांनी टीव्ही लावला. कुणाचं तरी जुनं लग्न होतं. सगळे चेहरे अगदी नीट आलेले, एकाचंही डोकं कापलेलं नाही. अंतरपाटाशेजारी एक बाई हातात कागद धरून मंगलाष्टका म्हणत होत्या. ओठ त्यांचे हलत होते, ऐकू येत होतं ते सिनेमाचं गाणं.

"ही आमची कुमुद," काका म्हणाले. "कोणाचंही लग्न असो, मंगलाष्टका हीच म्हणायची. आणि मी वरून गाणी टाकून द्यायचो. लोकांना गाणीच पाहिजे असायची. मग मूळ कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला घ्यायची, तशीच रीत होती."

त्यांनी दुसरं लग्न लावलं, मग तिसरं. कुमुदकाकू आधी तरुण, मग चष्मा लागलेल्या, मग थकलेल्या. प्रत्येक वेळी ओठ हलताहेत आणि वर सनई नाहीतर बँड.

"ती गेल्यावर सगळ्या कॅसेटी बघून घेतल्या मी," काका म्हणाले. "एका पण जागी तिचा आवाज़ नाही."

सुनावायचं होतं ते तसंच राहिलं. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांशी बोलले आणि सतार रद्द झाली. काका वर्गावर आले आणि आल्या आल्या त्यांनी मला बांगड्या काढायला लावल्या.

संमेलनात पडद्यावर एक हनुवटी आणि एक पुस्तक दिसत होतं. रियाचा आवाज मात्र शेवटच्या शब्दापर्यंत शेवटच्या रांगेला पोहोचला. कार्यक्रमानंतर तिच्या वडिलांनी काकांना गाठलं.

"काका, वाचलं तर एकदम बढ़िया हो. पण पोरीचा चेहराच नाही आला!"

काका वायर गुंडाळत होते.

"चेहरे राहतात, भाऊ," ते म्हणाले. "माझ्याकडे नुसते चेहरेच आहेत."