गप्पींवरचा प्रकाशझोत

फोटोग्राफरच्या घरात खिडकीजवळचा कोपरा एकच आणि त्यावर हक्क सांगणारे दोघे. बायकोला तिथे शिलाई मशीन हवं होतं, कारण ती कपडे शिवून देत असे आणि बेडरूममधल्या अंधारात तिचे डोळे फुटायची वेळ आली होती. फोटोग्राफरना तिथे झाडं लावलेली माशांची टाकी हवी होती, कारण हवी होती. नवऱ्याच्या हौसेला याहून मोठं कारण लागत नाही. बरीच धुसफूस होऊन शेवटी तह झाला. टाकी महिनाभर कोपऱ्यात राहील. पाणी स्वच्छ राहिलं, तर कोपरा कायमचा टाकीचा. पाणी हिरवं झालं, तर टाकी बाथरूमसमोरच्या पॅसेजमध्ये आणि मशीन खिडकीपाशी. पंच म्हणून कॉलेजात जाणाऱ्या लेकीला नेमलं. ती दोन्हीकडून खाऊन होती.

टाकी, झाडं, मासे असं सगळं घ्यायला नवराबायको जोडीने दुकानात गेले.

"पहिलीच टाकी ना?" दुकानदार म्हणाला. "मग ही कमी उजेडातली झाडं घ्या. सावलीत आनंदात राहतात. आणि वर हा छोटा दिवा. दिवसातून सहा-सात तास लावायचा, बाकी विसरून जायचं."

फोटोग्राफरनी दिवा दोन बोटांत धरून पाहिला. "हा? यात माशांना एकमेकांचे चेहरे तरी दिसतील का?"

"ओळखीचेच असतात, साहेब. चारच तर गप्पी घेतलेत तुम्ही."

"अहो, माझा जन्म गेला लाइटिंगमध्ये! काळ्या सुटातला काळा नवरदेव अंधाऱ्या हॉलमध्ये उजळून दाखवलाय मी."

"खरंच हो," बायको म्हणाली. "तुमच्यासारख्या माणसाच्या टाकीवर हा एवढुसा दिवा? बरं दिसतं का ते? तो वरच्या फळीवरचा बघा, लांब मानेचा."

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने दुकानात नवऱ्याची बाजू घेतल्याची ही पहिलीच वेळ. दुसरा कोणी असता तर तिथेच सावध झाला असता. फोटोग्राफर फुलून गेले.

"तोच काढा," ते म्हणाले.

"तो जरा जास्त होईल, साहेब."

"काढा हो!"

"मी कोण नाही म्हणणारा," असं म्हणत दुकानदार टुणकन स्टुलावर चढला.

पहिले काही दिवस टाकी खरोखर झकास दिसली. फोटोग्राफर स्टुडिओतून आले की चपला काढायच्या आधी टाकीपुढे उभे राहत. मग एका पानावर तपकिरी लव धरली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि निदान केलं, की पानाच्या एका बाजूला सावली पडतेय. त्याच संध्याकाळी स्टुडिओतला छत्रीवाला दिवा घरी आला आणि टाकीच्या उजवीकडे उभा राहिला. दोन दिवसांनी मागूनही एक आला, माशांच्या कडा उठून दिसाव्यात म्हणून.

"बाबा, गप्पी झाडामागे जाऊन बसलेत," लेक म्हणाली. "बाहेरच येईनात."

"लाजतायत. लाइट पडला की सुरुवातीला सगळेच लाजतात. मी त्यांना हसवू शकत नाही, एवढंच."

आता पाण्यावर हिरवट झाक आली. झाक आल्यामुळे आतलं नीट दिसेना. नीट दिसेना म्हणून फोटोग्राफरनी लांब मानेचा मोठा दिवा आणखी खाली ओढला आणि रात्रीही चालू ठेवला. त्यामुळे पाणी आणखी हिरवं झालं. जेवढं हिरवं, तेवढा त्यांना उजेड कमी वाटे. आणि जेवढा उजेड वाढे, तेवढं शेवाळ बाळसं धरी. समोरच्या इमारतीतले काका एकदा दारात येऊन म्हणाले, "शूटिंग कधी संपणार आहे तुमचं? माझ्या बेडरूममध्ये ऊन पडतंय हो."

"अजून थोडा उजेड हवा होता का?" एवढंच बायको अधूनमधून काळजीने विचारी.

महिना भरत आला. बायको बाजारात गेली की फोटोग्राफर बादल्या भरभरून पाणी बदलत, आणि लेकीने तोंड बंद ठेवावं म्हणून तिला नवे हेडफोन मिळाले. तरी पाणी पुन्हा हिरवं होई. शेवटी त्यांना त्यांची विद्या आठवली. हिरव्या रंगावर उतारा गुलाबी. त्यांनी तिन्ही दिव्यांवर गुलाबी जिलेटिनचा कागद ताणून बसवला. आणि काय सांगावं, हिरवेपणा गेला! पाणी पांढरंशुभ्र म्हणता आलं नसतं, पण हिरवं तर कोणाचा बापही म्हणू शकला नसता. गप्पी तेवढे जांभळे दिसत होते.

"या, तपासा," ते छाती काढून म्हणाले.

बायकोने टाकी डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली. मान डोलावली. मग हात लांब करून तिन्ही दिव्यांची बटणं बंद केली.

खिडकीतल्या साध्या उजेडात पालकाची पातळ भाजी भरून ठेवावी तशी टाकी दिसू लागली.

"आई जिंकली," पंचांनी हेडफोन न काढता निकाल दिला.

टाकी पॅसेजमध्ये गेली. फोटोग्राफरना खरंच वाईट वाटलं. हरण्याचं होतंच, पण त्या चार बिचाऱ्या जिवांना आपण महिनाभर भाजून काढलं, याचं जास्त. खाली मान घालून ते मोठा दिवा परत करायला आणि छोटा आणायला दुकानात गेले.

छोटा दिवा काउंटरवर बांधून तयार होता.

"वहिनींचा फोन आला होता, तुम्ही निघालात म्हणून," दुकानदार म्हणाला. "मोठा मात्र परत घेता येणार नाही. वहिनींनी घेऊ नका म्हणून बजावलंय."

"का?"

"मला काय माहीत? तुम्ही जोडीने आलात ना, त्याच्या आदल्या दिवशी त्या एकट्या येऊन गेल्या होत्या. फळीवरचे सगळे दिवे लावून बघितले. हातात सुई घेऊन! एकेका दिव्याखाली दोरा ओवून पाहत होत्या. मी म्हटलं, माशांना शिवणकाम शिकवताय की काय?"

फोटोग्राफरनी मोठा दिवा काखोटीला मारला आणि तरातरा घराकडे निघाले. वाटभर त्यांनी भाषण जुळवलं. फसवणूक, विश्वास, संसार, सगळं त्यात होतं.

दार उघडंच होतं. मशीन खिडकीपाशी आलं होतं. बायकोने मान वर केली आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली,

"बरं झालं आलात. दिवा डावीकडून लावू की उजवीकडून? मला मेलीला काय कळतंय त्यातलं. तुम्हीच सांगा."

फोटोग्राफरनी मशीनकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि डोळे बारीक केले.

"डावीकडून," ते म्हणाले. "आणि थांब, हाताची सावली पडतेय. बाजूने अजून एक लागेल."