भानुदास आप्पांची पंगत

भानुदास आप्पा स्वतः जेवायला बसण्याआधी मातीला विचारतात, "झाली का पंगत?"  मग ते मूठभर माती उचलून हुंगतात, तोंड वाकडं करतात आणि मला सांगतात, "अजून तेल ताटातच हाय, गुरुजी."

पाटस रस्त्याला आप्पांचं ट्रॅक्टरचं गॅरेज होतं. इंजिनातलं जळकं ऑइल त्यांनी तीस वर्षं मागच्या अंगाला ओतलं. सगळेच ओततात. ते पावसाच्या पाण्याबरोबर बांधापलीकडे धाकट्या भावाच्या, नानांच्या वाफ्यांत उतरलं. तिथं मेथी उगवायची थांबली. "दादा, वावर मारलंस माझं," एवढं बोलून नानांनी बोलणंच टाकलं.

आप्पांनी गॅरेजला कुलूप लावलं. शेतकी कॉलेजातल्या एका मॅडमनी त्यांना सांगितलं होतं, की मातीतले जंतू तेल खातात. त्यांना फक्त ओल, हवा आणि थोडं खत लागतं. तेव्हापासून आप्पा वाढप्याच्या भूमिकेत आहेत. शेणखत घालायचं, साखर कारखान्यावरची मळी घालायची, दर सोमवारी खोऱ्यानं माती वरखाली करायची.

"कोटींनी जेवत्यात, पर एकजण रुसत न्हाई," ते सांगतात. "आमच्या सोयऱ्यांत चारशे पानं उठली की चाळीस रुसत्यात."

आपल्या बाजूला मेथी उगवली, तरच नानांकडे त्यांचा पट्टाही साफ करायला मागायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

पहिल्या खेपेला माती सुधारत आली, तशी एका साहेबांना तिची पाहणी करावीशी वाटली. थोरांचे पाय जिथं लागणार, तिथं आमच्याकडे आधी ब्लीचिंग पावडर पडते. इथं तर वाफेच पांढरे झाले. साहेब भूमातेवर बोलले, वाफ्याकडे न बघता गेले.

"आरं, ही जंतू मारायची पावडर हाय!" आप्पा ओरडले.

"व्हय की, आप्पा," ग्रामपंचायतीचा माणूस शांतपणे म्हणाला. "साहेब येणार म्हंजी जंतू नकोतच."

आप्पांनी दहा दिवस गोड खाल्लं नाही. अकराव्या दिवशी पुन्हा शेणखताची पाटी उचलली.

त्याला आता वर्ष उलटून गेलं. गेल्या आठवड्यात मेथी वर आली. विरळ, पण हिरवी.

"भाजी करा की," मी म्हणालो.

"खायाची न्हाई अजून. माती तपासून येऊ द्या. नुसती नानाला दिसू द्या."

पलीकडे नाना पाठमोरे उभे राहून कांद्याला पाणी देत होते. आप्पा बांधावर जाऊन खोकले. थांबून पुन्हा खोकले. इतक्या वर्षांनी पहिला शब्द कोणता काढावा, हे त्यांना ठरवता येत नसावं. मोटरच्या आवाजात ते खोकणं मलाही धड ऐकू येत नव्हतं.

नाना वळले नाहीत. चालत स्टार्टरच्या पेटीपाशी गेले आणि त्यांनी मोटर बंद केली.