माळी सरांचा तांब्याचा तुकडा

सांगलीला माळी सरांच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर चप्पल बाहेर, केसांना तेल नाही आणि श्वाससुद्धा दाराकडं तोंड करून सोडायचा. "तिकडं फुंक गड्या, तांब्यावर नको," हे दिवसातून वीसदा. सख्ख्या बहिणीच्या लग्नात या माणसानं हातमोजे घालून अक्षता टाकल्या, कारण दुपारी नमुना हाताळायचा होता.

नमुना म्हणजे बिल्ल्याएवढा तांब्याचा तुकडा. त्याच्या पृष्ठभागावर अणू कसे सरकतात, ते सर बघत. "एसटीतनं उतरलेली माणसं स्टँडवर हिंडत्यात, वळखीचं भेटलं की घोळका करत्यात. अणूंचं तसंच. वाटंत घाण आली की अडलं बघ."

आमच्या घरात कॉलेजला गेलेला पहिला मीच. माझा एमएस्सीचा प्रकल्प याच तुकड्यावर होता. आणि त्या उन्हाळ्यात अणू अडायचं सोडून पळायला लागले. तासांचं काम मिनिटांत. तपासलं तर पृष्ठभागावर किंचित गंधक. तोच तांब्याच्या अणूंना संगती घेऊन पळत होता. निष्कर्ष झकास, पण गंधक आला कुठून हे सांगितल्याशिवाय प्रकल्प कोण मान्य करणार?

लसणात गंधक असतो, म्हणून सरांनी माझा डबा हुंगला. चटणी होतीच. पंधरा दिवस मी लसणाशिवाय जेवलो. गंधक जागच्या जागी.

त्या रविवारी सर कधी नव्हे ते तासगावजवळच्या त्यांच्या गावी होते, म्हणून अहवालावर सही घ्यायला तिथं गेलो. सर नेमके बाहेर गेले होते. त्यांचे वडील, दादा, शेडमध्ये बेदाण्याला गंधकाची धुरी देत होते.

"त्या तांब्यावरच काम करतोस न्हवं?" दादा म्हणाले. "म्या बघितलाय. शिमग्याला आणलावता त्यानं. म्हणलं, दिसभर करतोस काय रं? तर हातातच दिला. माझा हात धुरीचा, धोतराला पुसला आन् धरला. त्याच्यापायी दिवाळीलाबी येत न्हाई पोरगं. कायतरी मोठंच असणार."

सही न घेताच परतलो. अहवालात गंधकाचं कारण लिहिलं, 'नमुन्याचा बाहेरील हवेशी संपर्क.' सोमवारी सरांनी ते खोडलं.

"दादांना भेटलास म्हण की. खरं लिही. वडिलांना दाखवायला नेला होता."

"सर, परीक्षक हसतील."

"हसू देत. लय घासला, पण गेला न्हाई गंधक. तुझ्या चटणीवर ढकललं, चुकलं माझं." दाराकडं तोंड करून त्यांनी श्वास सोडला. "काय म्हणले दादा? माझ्यापाशी कायच बोलले न्हाईत."

"कायतरी मोठंच असणार, म्हणाले."

सरांनी सही केली. मी त्या दिवशी केसांना तेल लावून गेलो होतो. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.