विद्वान मित्राचं प्रकरण

ससाणा म्हणजे काय चीज आहे, ते ससाण्याच्याच तोंडून ऐकलेलं बरं, कारण दुसरं कोणी ते सांगत नाही.

"मैलभर उंचीवरून उंदराच्या मिशा मोजतो, तो ससाणा," असं तो आल्यागेल्याला ऐकवायचा. "मी मिशा तर मोजतोच, शिवाय उंदराचा हेतूही ओळखतो. पोलीस जिथे थांबतात, तिथून मी सुरू होतो." यातलं शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं. पोलीस चौकी जिथे संपत होती, तिथल्याच जिन्याखाली त्याचं ऑफिस होतं. दारावर 'ससाणा गुप्त तपास' अशी लाकडी अक्षरं ठोकलेली होती. त्यातला 'णा' एका वादळात उडाला आणि गल्ली त्याला ससा म्हणू लागली. बेपत्ता 'णा'चा तपास अजून चालू होता.

हे सगळं रोज ऐकायचं काम साडूंकडे होतं. साडू म्हणजे ससाण्याचे साडूच. चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि घरी बसून बायकोच्या भाज्यांचे रंग सुधारायला निघाले. बायकोने आठवडाभर सोसलं आणि मग त्यांना बहिणीच्या नवऱ्याकडे मदतनीस म्हणून धाडून दिलं. भिंग सांभाळायचं, छत्री सांभाळायची आणि जीभही सांभाळायची, एवढंच काम. जीभ सांभाळणं त्यांना सगळ्यात जड जाई.

एके दिवशी सकाळी चष्मेवाल्या काकू आल्या. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून सासू-सुनेचं घर त्याच दुकानावर चालत होतं आणि जागेचा मालक ते खाली करून मागत होता. खटला कित्येक वर्षं चालून आता कुठे शेवटाला आला होता.

"माझा वकील फितूर झालाय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची ओढली. "काल तारीख होती. मालकाचा वकील वेळेवर आलाच नाही. न्यायाधीशांनी घड्याळ बघितलं. म्हटलं, झालं, आता एकतर्फी निकाल आपल्या बाजूने. तेवढ्यात आमचाच उठला! आणि म्हणतो काय, 'माझे विद्वान मित्र शेजारच्या कोर्टात अडकलेत, थोडं थांबावं अशी विनंती आहे.'"

"मित्र?" ससाणा ताडकन उभा राहिला. "भर कोर्टात कबुली?"

"विद्वानसुद्धा म्हणाला," काकूंचा आवाज कापला. "मी एवढी वर्षं त्याची अशील आहे, मला कधी विद्वान म्हटलं नाही. मग तो मित्र आला धापा टाकत, आणि युक्तिवादाला सोमवारची तारीख पडली. सोमवारी माझं दुकान जाणार हो!"

ससाण्याने डोळे मिटले. डोळे मिटले की त्याला जास्त दिसतं, असं त्याचं म्हणणं होतं. "तीन शक्यता आहेत. एक, हे दोघे बालमित्र. दोन, हे लहानपणी ताटातूट झालेले सख्खे भाऊ. तीन, हे दोन वकील नाहीतच. एकच माणूस कोट बदलून दोन्ही बाजूंनी बोलतो. तुम्ही दोघांना एकाच वेळी पाहिलंय?"

"कालच पाहिलं."

"मग तिसरी शक्यता तूर्त बाजूला ठेवू," ससाणा नाइलाजाने म्हणाला.

त्याच संध्याकाळी तो मिशी चिकटवून काकूंच्या वकिलांकडे गेला. सोबत साडू होते, बिनमिशीचे. वकिलांची खोली लहानशी होती. पुस्तकं छतापर्यंत गेली होती आणि खिडकी एकच होती, तिच्यातही फायली बसल्या होत्या. आत शिरताच ससाण्याने खुंटीवर टांगलेल्या काळ्या कोटाला वाकून नमस्कार केला. साडूंना वाटलं, हीही काही युक्ती असेल.

"इकडे," टेबलामागून वकील म्हणाले. त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचं दाट रान होतं. "बसा, चहा घ्या. हकीकत नंतर, आधी समोरचा पक्ष कोण ते सांगा."

"एक बाई आहे," ससाण्याने आवाज खाली आणला. "चष्मे विकते. मी जागेच्या मालकाचा चुलतभाऊ. तिला तिथून उठवायची एक नामी युक्ती..."

"थांबा!" वकिलांनी चौकातल्या पोलिसासारखा हात वर केला. "पुढे एक अक्षर बोलू नका. त्या बाईंचा वकील मीच आहे. तुमची बाजू ऐकून घेणंही मला चालणार नाही. तुम्ही दुसरीकडे जा. आणि मिशी सांभाळा, चहात पडतेय."

बाहेर आल्यावर ससाणा आनंदाने हात चोळू लागला. "पाहिलंत, साडूभाऊ? ऐकायलाच तयार नाही! ज्याच्या मनात काही नसतं, तो सगळं ऐकून घेतो."

"पण ऐकून घेतलं असतं, तर ते फितूर ठरले असते ना?"

"तर्कशास्त्र चित्रकलेच्या तासाला शिकवत नाहीत, साडूभाऊ."

दुसऱ्या दिवशी तो मिशी काढून, काकूंचा माणूस म्हणून उघडपणे गेला आणि खटल्याचं कुठवर आलं ते विचारू लागला. वकिलांनी मान हलवली. "अशिलाचं बोलणं अशिलाशीच होईल. काकूंना पाठवा, त्यांना सगळं सांगतो."

"वकील असून बोलत नाही!" ससाण्याने परतताना निष्कर्ष काढला. "इथेच पाणी मुरतंय."

खुद्द ससाण्याच्या पोटात मात्र एक गोष्ट राहत नव्हती. गुप्त तपास तो दाढी करताना न्हाव्याला सांगे, भाजी घेताना भाजीवाल्याला सांगे आणि वर "हे आपल्या दोघांतच" म्हणून डोळा मारी. दोनच दिवसांत सगळा बाजार आपापसात दोघादोघांत होता. पलीकडच्या दुकानदाराने साडूंना थांबवून विचारलं, "काय हो, काकूंचा वकील विकला गेला म्हणे?" एका भल्या माणसाचं नाव आपल्या ऑफिसातून गावभर गेलं, याची साडूंना मनापासून लाज वाटली. पण घरी परत जाऊन बसावं, तर तिथे बायको होती.

शेवटचा पुरावा शनिवारी मिळाला. कोर्ट सुटलं आणि पायऱ्यांवरून काळ्या कोटांचा लोंढा खाली आला. ससाणा खांबाआड होता. "तो बघा आपला वकील!" म्हणत त्याने एका पाठीचा पाठलाग सुरू केला. पाठ दोन चौक ओलांडून गेली आणि थेट जागेच्या मालकाच्या बंगल्यात शिरली. मालकाने दारात येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खिडकीतून चहाचे कप दिसले.

"साडूभाऊ," साडू कुजबुजले, "या माणसाला केस नाहीत."

"वकिलाला केस नाहीत? मग खातो काय?"

"डोक्यावरचे हो! आपल्या वकिलांना भरपूर केस आहेत. हा तर तुळतुळीत आहे."

ससाणा कीव आल्यासारखा हसला. "वेषांतर! हुशार माणूस आधी केस उतरवतो."

रविवारी संध्याकाळी ससाणा अहवाल घेऊन दुकानात गेला. दोन गिऱ्हाइकं चष्म्याच्या चौकटी बघत होती. कोपऱ्यात काकूंच्या सासूबाई मऊ फडक्याने काचा पुसत बसल्या होत्या. ससाण्याने गुप्त अहवाल खणखणीत आवाजात वाचायला घेतला. काकू ऐकत गेल्या, तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. तेवढ्यात बगलेत फाइल मारून वकीलच दारात उभे राहिले.

"चला काकू, उद्याचं एकदा नजरेखालून घालू."

"उद्याचं काही नको," काकू म्हणाल्या. "तुमचं वकीलपत्र मी काढून घेतेय. तुम्ही मालकाच्या घरी चहा पिऊन आलात, हे मला कळलंय."

वकिलांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. त्यांचा चेहरा इतका साधा आणि दुखावलेला दिसत होता की साडूंना तिथे उभं राहवेना.

"वकील बदलणं हा तुमचा हक्क आहे," ते हळूच म्हणाले. "ही फाइल घ्या, सगळे कागद यात आहेत. पण नव्या माणसाला एका रात्रीत हे कसं झेपणार? जो कोणी घ्याल त्याला माझ्याकडे पाठवा. मी रात्रभर बसून समजावून देतो. माझ्यावरच्या रागापायी तुमचं दुकान जायला नको."

"आरोपांना उत्तर द्या!" ससाणा गरजला.

"खटल्याबद्दल बाहेरच्यांसमोर बोलणार नाही."

"बघा! दातखीळ बसली!"

"काय झालंय ते मला सांगाल का कोणी?" कोपऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला. काकूंनी सांगितलं. मित्र, विद्वान, सगळं.

"एवढंच?" सासूबाईंनी काच उजेडात धरून बघितली. "अगं, चारचौघांत मी तुला काय म्हणते?"

"आमची गुणाची सून."

"आणि घरी?"

गिऱ्हाइकांनी हातातल्या चौकटी खाली ठेवल्या.

"घरी 'अगं ए' म्हणता," काकू म्हणाल्या.

"मग? लोकांत बोलायची एक रीत असते. आपल्या घरात आहे तशी त्यांच्या कोर्टात आहे. उद्या कोणी माझ्या तोंडचं 'गुणाची' ऐकून गुप्तहेर लावला, तर काय करायचं मी?"

वकील आधी खोकले आणि मग मोठ्याने हसले. "आजी, वकिली करता करता म्हातारा झालो, पण हे मला कोणाला इतकं सोपं करून सांगता आलं नाही. अहो, कोर्टाबाहेर आमचं बोलणंही नाही. त्याला मी मनातून काय म्हणतो, ते तुमच्यासमोर सांगता येणार नाही."

"सांगा की," सासूबाई पुढे सरकल्या.

"नको आजी. सनद जाईल माझी."

"पण मग त्याच्यासाठी थांबायला का सांगितलंत?" काकूंचा राग अजून पुरता उतरला नव्हता. वकिलांनी ससाण्याकडे बघितलं. "बोला यांच्यासमोर," काकू म्हणाल्या, "माझी परवानगी आहे."

"निकाल एकतर्फी लागला असता, तर त्याने अर्ज करून तो रद्द करून घेतला असता आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली असती. हा झाला तुमचा फायदा. पण फायदा नसता, तरी मी उठलोच असतो. तो खरंच शेजारच्या कोर्टात उभा होता आणि मला ते माहीत होतं. माहीत असून गप्प बसायचं म्हणजे न्यायाधीशांना फसवायचं. ते मला जमत नाही, काकू. तुमच्यासाठीसुद्धा नाही."

काकूंनी फाइल उचलली आणि वकिलांच्या हातात परत दिली.

"पण बंगला!" ससाण्याचा धीर सुटत चालला होता. "मी या डोळ्यांनी पाहिलं!"

"मी त्या बंगल्यात कधीही गेलो नाही."

"तो माणूस टकला होता," साडू म्हणाले. यावेळी त्यांनी जीभ सांभाळली नाही. सगळ्यांनी वकिलांच्या डोक्याकडे बघितलं. मग काकूंनी ससाण्याकडे बघितलं, आणि त्यांच्यातली दुकानदार जागी झाली.

"इकडे बसा," त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं. "सगळ्यात वरचं मोठं अक्षर वाचा."

"कुठलं?"

"तक्त्यावरचं."

"तक्ता कुठे आहे?"

"भिंतीवर."

ससाणा थोडा वेळ डोळे बारीक करून बघत राहिला. "कोणत्या?"

"म्हणजे मालकाच्या घरी मालकाचाच वकील गेला होता," सासूबाई परत काचांकडे वळल्या. "तो नाही जाणार तर कोण जाणार?"

सोमवारी दोन्ही वकील कोर्टात असे तुटून पडले की शिपाईसुद्धा स्टूल सोडून ऐकायला आला. 'माझे विद्वान मित्र' हे शब्द दोघेही दातओठ खात म्हणत होते, आणि दर वेळी काकू आणि सासूबाई एकमेकींकडे बघून पदराआड हसत होत्या. निकाल काकूंच्या बाजूने लागला. दुकान राहिलं. बाहेर पडताना सासूबाई भेटेल त्याला म्हणत होत्या, "आमच्या गुणाच्या सुनेने जिंकलं हो!" आणि ते शब्द दातओठ खाऊन म्हटलेले नव्हते.

ससाण्याला काकूंनी जाड काचांचा चष्मा करून दिला. तो घालून ऑफिसात आला, त्याच दिवशी त्याने एक जुनी केस स्वतः सोडवली. 'णा' दाराच्या छज्ज्यावरच पडलेला होता.

साडूंनी मात्र एक गोष्ट त्याच्याकडून करून घेतली. न्हावी, भाजीवाला, पलीकडचा दुकानदार, प्रत्येकाकडे जाऊन त्याला सांगायला लावलं की वकील सज्जन आहेत, चूक आपली होती. ससाण्याने तेही प्रत्येकाला "हे आपल्या दोघांतच" म्हणून सांगितलं, त्यामुळे ते पहिल्या बातमीपेक्षाही लवकर पसरलं.

शेवटी तो वकिलांकडे माफी मागायला गेला. कोर्टाच्या व्हरांड्यात चारचौघे उभे होते. वकिलांनी हात जोडले आणि अतिशय अदबीने म्हणाले, "या, या! आमचे निष्णात गुप्तहेर आले!"

माफी घशातच राहिली. ससाण्याची छाती कोटाच्या बाहेर आली. "ऐकलंत, साडूभाऊ? निष्णात! भर कोर्टाच्या आवारात!"

आठवडाभरात दारावर नवी पाटी आली. साडू चित्रकलेचे मास्तर, त्यामुळे रंगवावी त्यांनाच लागली. 'ससाणा' पूर्ण, आणि खाली लाल अक्षरांत 'निष्णात गुप्तहेर'. ससाणा चष्मा सारखा करून रस्त्याच्या पलीकडून ती न्याहाळत राहिला.

"कशी दिसतेय, साडूभाऊ?"

साडूंनी ब्रश पुसला. गल्लीत चार माणसं उभी होती.

"उत्तम," ते अदबीने म्हणाले, "माझे विद्वान साडूभाऊ."

ससाण्याला ते इतकं आवडलं की त्याने तेही पाटीवर घालायला सांगितलं.