तात्यांचा मसुदा आणि माझी हरकत

सर्जेराव तात्यांना मी मुद्दाम चुकीची वेळ सांगितली. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी त्यांना हसणार आहे, आणि तसं हसायचा मला फारसा अधिकार नाही.

तात्या म्हणजे कडेगावातले आमचे शेजारी, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कुठलाही नियम दिसला की ते चष्मा लावतात आणि विचारतात, "मूळ कायद्यात हाय का?" एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये 'बाहेरचे पदार्थ खाऊ नयेत' अशी पाटी आहे. तात्यांनी बरोबर तिच्याखाली बसून भाकरीचं फडकं सोडलं.

"आवं तात्या, नियम हाय," पोऱ्या म्हणाला.

"कुनी केला?"

"मालकानं."

"कंच्या कायद्याखाली?"

"पंख्याखाली बसून केला असंल. तुमी उठा."

तात्या उठले नाहीत. भाकरी संपल्यावर मालकालाच चहा पाजून आले.

घरातही तीच तऱ्हा. सरकार नियमांचा मसुदा राजपत्रात छापून हरकती मागवतं, तसा तात्या नव्या नियमाचा कागद फ्रिजवर चिकटवायचे. 'जेवताना टीव्ही बंद राहील. हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.' हरकत घ्यायला त्यांची बायको, आमच्या काकी होत्या. लाटणं हातात घेऊनच त्या फ्रिजसमोर उभ्या राहायच्या.

"ह्यो मूळ कायद्यात न्हाई."

"कंचा मूळ कायदा?"

"माझ्या आईनं सांगितलेला. मालिका लागल्यावर गप बसायचं."

मसुदा मागे घेतला जायचा. भिंतीपलीकडे आम्ही हसायचो.

आता माझं सांगतो. मी संपत, आमच्या आमदारसाहेबांचा स्वीय सहायक. त्यांच्या गोळ्या, त्यांच्या फायली, त्यांच्या पाहुण्यांचे रुसवे, सगळं माझ्याकडे. साहेब विधिमंडळाच्या उपविधान समितीवर गेले. कायदा विधिमंडळ करतं, पण त्याखालचे नियम खाती करतात. ते नियम कायद्याच्या बाहेर जात नाहीत ना, हे ही समिती बघते. या समितीवर जायला कोणी धडपडत नाही. मी मात्र रात्री जागून अभ्यास केला, टिपण तयार केलं. साहेबांनी ते चाळलं आणि म्हणाले, "छान आहे. एकदा तुमच्या शेजारच्या सर्जेराव तात्यांना दाखवून घ्या, नियमातली खोच त्यांना बरोबर सापडते."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढे तर गाडीत बसल्या बसल्या साहेब विचारायचे, "आपले सुभेदार काय म्हणतात?" संपत काय म्हणतो, हे इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मला तात्यांच्या चष्म्याचासुद्धा राग यायला लागला.

तात्यांची एक हरकत समितीपुढे यायची होती. विहिरीच्या पाणी परवान्यासाठी मूळ कायद्यात 'अर्जदार किंवा त्याचा प्रतिनिधी' चालतो. नियम करताना खात्याने प्रतिनिधी उडवला. अर्जदाराने स्वतःच हजर राहायचं. समिती सांगलीच्या विश्रामगृहावर येणार होती. ज्याला त्रास झाला त्याने समोर येऊन सांगावं, तरच विषय पुढे जाईल, असं अध्यक्षांनी कळवलं होतं. बैठक सकाळी अकराला. साहेब म्हणाले, "तात्यांना निरोप द्या."

मी तात्यांना सांगितलं, "दुपारी तीन."

तीनला तात्या आले. इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं. समितीच्या गाड्या केव्हाच साताऱ्याकडे गेल्या होत्या आणि विषय निकाली निघाला होता: हरकतदार अनुपस्थित, कार्यवाही नाही. मी बिलं उरकायला मागे थांबलो होतो. माझ्याकडे बघून तात्या ओरडतील, असं वाटलं. ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

"तू तीन सांगितलंस म्हंजी तीनच असनार. त्यांनीच मागनं वेळ बदलली, आन तुला बी कळवलं न्हाई. संपत, तुला बी कोन इचारत न्हाई बघ गड्या."

मी बिलांचा गठ्ठा पिशवीत भरला. परतताना गाडीत तात्याच बोलले. पक्षाघात झाल्यावर काकींना त्यांनी खुर्चीत बसवून कचेरीच्या जिन्यानं वर नेलं होतं, कारण विहीर काकींच्या नावावर. "पदर सावरायला तिचा हात चालत नव्हता. सगळी कचेरी बघत हुती. ती मला म्हनली, आवं, खाली न्या मला. मी म्हनलो, नियम हाय." तात्या खिडकीबाहेर बघू लागले. "जलमात त्या एका दिवशी मी इचारलं न्हाई, कायद्यात हाय का म्हनून."

काकी त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत, हे मला माहीत होतं. जिन्याचं माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं सांगितलं. मग त्यांनी अध्यक्षांना फोन लावला आणि विषय मुंबईच्या बैठकीत पुन्हा घ्यायला लावला. माझ्याशी मात्र एवढंच बोलले, "निरोप तुम्हीच घेऊन जा."

संध्याकाळी तात्यांकडे गेलो. ते चहा टाकत होते, एकच कप. फ्रिजवर नवा कागद होता: 'रात्रीचा स्वयंपाक बंद राहील. सकाळचीच भाकरी खावी. हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.' कागदाचे कोपरे वळले होते.

"मुदत संपली त्याची," तात्या म्हणाले. "कुनाची हरकत आली न्हाई. नियम लागू झाला."

"माझी हरकत आहे," मी म्हणालो. "आजपासून रात्री आमच्याकडे जेवायचं."

"मुदतीनंतर घेता येत न्हाई रं."

"मूळ कायद्यात आहे का तसं?"

तात्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसत राहिले. मग दुसरा कप खाली काढला.

तो भरायच्या आत मला बोलायलाच हवं होतं. "तात्या, मुंबईला बोलावलंय तुम्हाला. या वेळी मीच घेऊन जाणार आहे. सांगलीला वेळ कोणी बदलली नव्हती. तीन मीच सांगितलं, मुद्दाम. साहेब तुम्हाला विचारतात, मला विचारत नाहीत, म्हणून जळलो मी तुमच्यावर. माझं चुकलं. मला माफ करा."