सुमेधच्या गाण्यातली मोकळी जागा

आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू सुमेध आलेल्याला चहा पाजतो, पण त्याच्या गाण्याला कुणी नुसतं ‘रॉक’ म्हणलं की चहा रद्द. "काका, पोटजात विचारा," म्हणतो.

"आरं, माणसांच्याच निस्तरंनात, आन् तू गाण्याच्या काढतो व्हय?"

सुमेधचं वय अडतीस. वाळूजला कंपनीत कामाला. कपडे काळे. केस एका डोळ्यावर ओढायची जुनी खोड. आता केस मागं सरकले, तरी उरलेले चार तो डोळ्यापर्यंत ताणून आणतोच.

मी चौथी शिकलेला. निम्मं आयुष्य अजिंठ्याच्या डोंगरात मेंढरांमागं गेलं, पण कान माझे शाबूत हायेत. त्यानं मला सगळं ऐकवलंय. एका जातीत माणूस नरडं फाटेस्तोवर कोकलतो, ते स्क्रीमो. इंडीवाला पुटपुटतो, जसं काय शेजारी बायको झोपलीय. आणखी एकात गिटारीचं नुसतं धुकं, आन् वाजवणारे म्हणे सगळा वेळ आपल्याच बुटांकडं बघत उभे.

"का? चोरीला जातेत?" मी विचारलं. त्या दिवशी चहा नाय मिळाला.

"आन् तुझी जात कंची?"

"मिडवेस्ट इमो. अमेरिकेच्या मधल्या गावांतली. नितळ तारा, टिंगटिंग, आन् आठवण."

"कुणाची?"

"ते सांगत नसतेत काका."

दर रविवारी सकाळी तो हे गच्चीवर वाजवायचा. झकास चाललेलं असायचं, आन् मधीच बंद. मग पुन्हा सुरू. मी खालून वरडायचो, "विसरला का रं?"

"नाय काका, बरोबर हाय."

एकदा वर गेलो, तर समोरच्या खुर्चीवर दुसरी गिटार. तारा नव्या, धुळीचा कण नाय. "ही नदीमची," म्हणला. नदीम शहागंजचा, कॉलेजातला जोडीदार. ह्या जातीत दोन गिटारी लागतेत. एक विचारती, दुसरी जवाब देती. नदीम दुबईला दुकानात लागला, गिटार इथंच राहिली. सुमेध आपला हिस्सा फोनात भरून त्याला धाडतो, त्याची जागा मोकळी ठेवून. कैक वर्षं झाली. ऐकल्याची खूण उमटती, जवाब नाय.

तवा मला उमगलं. डोंगरात चुकलेल्या मेंढराला हाक मारली की गप उभं राहावं लागतं. सारखं वरडणाऱ्याला त्याचा आवाज कसा ऐकू येणार?

पुढच्या रविवारी मी जिन्यात बसलो. मोकळी जागा आली, आन् दोन बोटं तोंडात घालून मेंढरं वळवायची शिट्टी मारली. लांब, शेवटाला वर चढणारी.

सुमेध धावत आला. "काका! रेकॉर्डिंग चालू होतं!"

"मग पुसून टाक."

तो फोनाकडं बघत राहिला. पुसलं नाय. तसंच धाडलं.

सांजच्याला फोन घेऊन खाली आला. त्यात नदीमचा आवाज, हसून हसून दम लागलेला. "अबे सुमेध, ये बकरीवाला कौन पकड़ा बे? सुर में है बुढ्ढा!" मग हळू, "मेरे गिटार के तारां अब्बी बी बदलता क्या रे तू?"

"बकरीवाला कुणाला म्हणतो? मेंढरं होती माझी!" मी म्हणलं. सुमेधचं ध्यान नव्हतं. तो शेवटला तेवढाच तुकडा परत परत लावत होता.

यायचं काय नदीम बोलला नाय. रविवारी वर अजून वाजतं, मधी अजून जागा मोकळी राहती. मी शिट्टी मारत नाय आता. ती जागा माझी नाय. खाली पाण्याची मोटर चालू असली, तर तेवढ्यापुरती बंद करतो.