खाडीत रुतलेला वर्ग

किर्र... किर्र... किर्र. पहाटेच्या शांततेत काशीबाई घड्याळाला किल्ली देत होत्या. एरवी त्या दहा वेढे देऊन थांबत. आज थांबायचे नाव नव्हते, तेव्हाच सुगंधाने पांघरुणातल्या पांघरुणात ओळखले, आज काही खरे नाही.

काशीबाईंना घड्याळ वाचता येत नसे. पण ते वर्गाचे घड्याळ, म्हणून किल्लीचा मान त्यांनी सुनेला, सुगंधालाही, दिला नव्हता. त्यांच्या घरापुढच्या खळ्यात वर्षभर अकरावीचा, म्हणजे मॅट्रिकचा, वर्ग भरत होता. चूल, जाळी, पोरेबाळे सोडून ज्यांना शाळेत जाता येत नाही, त्यांच्यासाठी खात्याने हा प्रयोग काढला होता. विद्यार्थी चार, त्यांत होडीवाला सत्यवानही, आणि शिकवायला पेन्शनीतले परशुराम मास्तर. प्रयोग पुढे चालवायचा की गुंडाळायचा, ते ठरवायला आज अकरा वाजता रत्नागिरीहून साहेब येणार होते. त्यांची सही झाली तरच परीक्षेचे अर्ज जाणार. दहावीनंतर शाळा सोडून बोहल्यावर चढलेल्या सुगंधाचा अर्ज महिनाभर तांदळाच्या डब्यात होता. तांदूळ काढताना ती तो रोज एकदा बघून घेई.

"सुगंधा, ऊठ गो!" काशीबाई म्हणाल्या. "सायब येतलो नि तुमी काय जमनीर बसतलात? सत्यवानाची होडी घे नि पलीकडच्या शाळेतली चार बाकडां नि फळो घेवन ये. येताना तुझ्या पोरांकाय घेवन ये."

'पोरे' म्हणजे पलीकडच्या तीरावरचे दोन विद्यार्थी, सावित्री आणि हौसाबाई. त्यांतल्या हौसाबाई पंचेचाळीस वर्षांच्या होत्या.

"आई, आज षष्ठी. नवाक खाडीत पाणी रवाचा नाय."

"माका भरती-ओहोटी शिकवतंस? आठाक परत येशात. ह्या घड्याळ धर."

घड्याळ एका काखेत आणि चार वर्षांची सुभद्रा दुसऱ्या काखेत घेऊन सुगंधा निघाली. वेळेत पोचलीही. पण पलीकडच्या गुरुजींनी बाकडी द्यायच्या आधी पावती करून दिली. मग पावतीची नक्कल करून दिली. मग प्रत्येक बाकड्यावर खडूने आकडा घातला. त्यातला एक आकडा चुकला, तो पुसायला ओले फडके शोधले. सत्यवान काठावरून ओरडत होता, "गुरुजी, पाणी चल्ला!" गुरुजी शांतपणे म्हणाले, "सरकारी वस्तू आहे."

अखेर होडी निघाली. चार बाकडी, फळा, सत्यवान, हौसाबाई, सावित्री, सुगंधा आणि सुभद्रा. खाडीच्या मध्याच्या पुढे, घराच्या काठापासून पन्नास पावलांवर, होडी 'घस्स' करून थांबली. सुगंधाने घड्याळ पाहिले. बरोबर नऊ.

"हौसाबाई, जरा पुढे सरकशात?" सत्यवान म्हणाला.

"माझ्या नावान कित्याक खडे फोडतंस? बाकडां काय कापसाची आसत?"

उतरून चालत जावे तर गाळ कमरेइतका. काठावर काशीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, आणि मग त्याच हाताने लाडवांचा डबा उघडला. साहेबांना काहीतरी धड मिळाले पाहिजे.

अकराला जीप आली. साहेब उतरले, बारीक अंगाचे, कोटातले. खळे रिकामे. मास्तर घाम पुसत उभे.

"वर्ग कुठे आहे?"

मास्तरांनी खाडीकडे बोट दाखवले. चिखलात कललेल्या होडीत तीन बायका आणि एक खलाशी ओळीने बाकड्यांवर बसले होते. फळा होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, टेकवला होता. साहेबांना पाहताच चौघेही शिस्तीत उभे राहिले, होडी आणखी कलली, आणि चौघेही तितक्याच शिस्तीत खाली बसले.

"ही बाकं?" साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"मुद्दाम तुमच्यासाठी, सायबानू!" काशीबाई फुलून म्हणाल्या.

साहेबांनी कागद काढला. "अहो, ही योजना वर्गाबाहेर शिकणाऱ्यांसाठी आहे. बाकं आणि फळा असला की ती शाळा. शाळेला ही योजना लागू नाही. मला तसं लिहावं लागेल."

काशीबाईंच्या हातातला लाडू डब्यात परत गेला. पन्नास पावलांवर सुगंधाला ते शब्द स्पष्ट ऐकू गेले. तांदळाचा डबा तिच्या डोळ्यांपुढे आला.

"साहेब!" ती होडीतून ओरडली. "बाकं आमची नाहीत! पलीकडच्या शाळेतून मागून आणलीत. पावती आहे!" तिने पावती फडकवली. "नक्कलसुद्धा आहे!"

आयुष्यात पहिल्यांदाच पलीकडच्या गुरुजींचा कोणाला तरी उपयोग झाला होता.

"ठीक," साहेब म्हणाले, आणि त्यांनी हजेरीपट उघडला. "आता हे काय? सोमवारी वर्ग सातला, मंगळवारी पावणेआठला, बुधवारी साडेआठला! रोज वेगळी वेळ? हा वर्ग आहे की धर्मशाळा?"

मास्तर "त्याचं असं आहे साहेब..." म्हणून अडखळले. उत्तर होडीतून सुगंधाने दिले.

"भरती रोज पाऊण तास पुढे जाते, साहेब! पाणी असेल तेव्हाच होडी येते. होडी येते तेव्हाच वर्ग भरतो."

"मग आज का नाही आली?"

"आज तुमची अकराची वेळ पाळायला गेलो!"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र जरासे हसल्यासारखे झाले. "बरं बाई. मग सांगा, ही होडी किती वाजता तरंगेल? बरोबर सांगितलंत तर वेळापत्रक मान्य."

सुगंधाने सुभद्रेला हौसाबाईंच्या मांडीवर दिले आणि खडू घेतला. होडी कललेली, म्हणून आकडेही उतरणीला लागल्यासारखे तिरपे उमटले.

"आज षष्ठी. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, आणि सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पुरी भरती दुपारी साडेचारला. त्याच्या सव्वासहा तास आधी पुरी ओहोटी, सव्वादहाला. आम्ही रुतलो नऊला, म्हणजे ओहोटीच्या सव्वा तास आधी. ओहोटीनंतर सव्वा तासाने पाणी पुन्हा तेवढंच. साडेअकरा!"

साहेबांनी खिशातले घड्याळ काढले. अकरा वाजून बारा मिनिटे. काशीबाईंनी त्यांना खुर्ची दिली, लाडू दिला, आणि मनातल्या मनात गावदेव वेतोबाला नारळ बोलून टाकला.

अकरा सव्वीसला पाणी फळीला लागले. अठ्ठावीसला सावित्रीने श्वास रोखला. एकोणतीसला बाकडी करकरली आणि हौसाबाई ओरडल्या, "हलली गो बाय, हलली!" होडी सरळ झाली आणि डुलू लागली. सत्यवानाने जोराने काठी मारली. होडी गोल फिरली. पुन्हा मारली. पुन्हा गोल.

"तरंगली खरी," साहेब म्हणाले, "पण येत का नाही?"

सुगंधाने मागे वळून पाहिले. "सत्यवाना, नांगर टाकलंस?"

सत्यवानाने जीभ चावली. "होडी थांबली काय नांगर टाकूक होयो, बाय. सवय."

"गाळात रुतलेली होडी खंय पळान जातली होती रे?"

काठावर पहिल्यांदा साहेब हसले, मग मास्तर, मग जीपचा ड्रायव्हर. होडी काठाला लागेपर्यंत साहेबांनी कागदावरचा शेऱ्याचा रकाना भरून टाकला होता. मास्तरांनी तो मोठ्याने वाचला. "वर्ग खोलीबाहेर भरतो. तपासणीच्या वेळी जमिनीबाहेरही भरलेला आढळला. वेळापत्रक खाडीकडून मंजूर. प्रयोग चालू ठेवावा."

खाली सही होती.

काशीबाईंनी सुनेच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला. "बाकडां आणूक सांगलंय म्हणान जमला!" त्यांनी वाडीभर जाहीर केले, आणि कोणीही त्यांना खोडून काढले नाही. सुगंधाने तर मुळीच नाही. तिने तांदळाच्या डब्यातला अर्ज काढला, त्याला चिकटलेला एक दाणा अलगद टिपला, आणि दोन्ही हातांनी तो साहेबांपुढे धरला.

जीप गेली. बाकडी परत न्यायला आता भरपूर पाणी होते. काशीबाई गडबडीत पुन्हा घड्याळाला किल्ली देत होत्या, किर्र, किर्र. सुभद्रा चिखलाचे पाय घेऊन आईच्या कडेवर चढली, आणि आजीच्या हाताकडे आणि चढत्या पाण्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

अकरावीची उमेदवार सुगंधा आज कुठल्याही प्रश्नाला तयार होती.

"आये," सुभद्रा म्हणाली, "घड्याळाक आजी चावी देता. मगे दर्याक चावी कोण देता?"